चुकोचं निळं पिंप

वाळवंटातल्या विटपान वस्तीच्या चौदा घरांना मिळून चौदा निळी पिंपं मिळाली होती. दीड वर्षानंतर वस्तीत पिंपं उरली होती दोन, आणि त्यातल्या एकात नुकाची कोंबडी अंडी घालत होती.

साधीसुधी पिंपं नव्हती हां ती. मोठ्या झाकणाची, जाडजूड. आडवी पाडायची, लोखंडी दांडी अडकवायची आणि वाळूतून घरंगळत ओढत न्यायची. टँकर दर गुरुवारी यायचा, पण थांबायचा तो खडीच्या रस्त्यावरच. आत वाळूत शिरला की रुतलाच म्हणून समजा. तिथून वस्तीपर्यंत अर्ध्या तासाची चाल. पिंपं येण्याआधी बायका डोक्यावर डबे घेऊन चार-चार खेपा मारायच्या आणि माना अवघडून बसायच्या. पिंपं आली त्या दिवशी चुकोनं, साठीच्या बाईनं, भरलेलं पिंप चक्क पळवत आणलं होतं. तिचा नवरा काशे झोपडीपुढे उभा राहून ओरडत होता, "अगं हळू! तू पिंपाला ओढतेयस की पिंप तुला ढकलतंय?"

आणि असलं सोन्यासारखं पिंप चुकोनं सहा महिन्यांत देऊन टाकलं.

दिलं ते बेसाला. बेसा म्हणजे चुकोची देण्याघेण्यातली मैत्रीण, एक-दोन नाही, चांगली चाळीस वर्षांची. एकीनं शहामृगाच्या अंड्याच्या कवचाच्या मण्यांची माळ धाडायची, मग वर्ष-सहा महिने गेले की दुसरीनं चादर नाहीतर कातडी पिशवी. लगेच परतफेड करायची नाही, ती दुकानदारी झाली. मिळालेली वस्तू वापरायची, चार जणांत मिरवायची आणि तिसऱ्या कुणाला तरी पुढे द्यायची. वस्तू धरून बसणाऱ्या माणसाला विटपानमध्ये एक नाव होतं, ते चारचौघांत घेण्यासारखं नाही. ही सगळी माणसं पिढ्यान्‌पिढ्या ज्या मळ्यावर राबली तो मळा मालकानं विकला, नव्या मालकानं शिकारीच्या पाहुण्यांसाठी कुंपण घातलं आणि यांना रस्त्याच्या कडेला आणून सोडलं. घरं गेली, शेळ्या गेल्या, आजोबांची थडगी कुंपणापलीकडे राहिली. पण हे देणंघेणं बंद करणं कुणाच्या बापाला जमलं नाही.

बेसा पस्तीस किलोमीटरवर, तशाच हाकललेल्या माणसांच्या वस्तीत. तिथे टँकर पंधरा दिवसांनी यायचा. चुकोच्या कानावर हे आलं मात्र, तिनं पुढच्याच गाढवगाडीवर पिंप चढवलं. तिचं बघून नुकानं आपलं पिंप आपल्या नणंदेला धाडलं, तिसरीनं मावसभावाला, आणि असं करत करत विटपानची पिंपं वाळवंटभर पांगली. बेसानं तरी चुकोचं पिंप ठेवलं असेल होय? छे! तिनंही पुढे दिलं.

डोक्यावर पुन्हा डबे आले, पण सगळं छान चाललं होतं. मग एका गुरुवारी टँकरचा ड्रायव्हर फेस्टस पाण्याची नळी सोडत म्हणाला, "पुढच्या गुरुवारी पाणी-योजनेच्या सेल्मा मॅडम येतायत, पिंपं देणाऱ्या. पिंपं बघायला."

"बघू देत की," नुका म्हणाली. "काय दिसणार आहे त्यांना?"

"तेच तर! ऐका नीट. मोठी टाकी आलीय, सौर पंपासकट. बोअर मारून देणार, नळ देणार. पण टाकी एक आणि मागणाऱ्या वस्त्या तीन. ज्यांनी आधी दिलेल्या वस्तू सांभाळल्या, त्यांना मिळणार."

चुकोच्या हातातला डबा गळून पडला.

कारण चुकोला तो नळ हवा होता. असा हवा होता की बोलायची सोय नाही. तिची मुलगी उंका गोबाबिस शहराच्या कडेला पत्र्याच्या खोपटात राहायची, नवरा सोडून गेलेला, पदरात दोन पोरी. थोरलीला सासूचं नाव दिलेलं आणि धाकटीला, रीतीप्रमाणे, आईच्या आईचं. म्हणजे जगात दुसरी एक चुको होती, तीन वर्षांची, आणि थोरल्या चुकोनं तिला एकदाच मांडीवर घेतलं होतं. फेस्टसच्या फोनवरून उंका दर वेळी तेच सांगायची, "आई, नळ लागला तर त्याच दिवशी निघते बघ. पण टँकरची वाट बघत पोरी नाही वाढवायच्या मला."

त्या दुपारी सगळी वस्ती मोठ्या बाभळीखाली जमली. चहा उकळला, साखर नेहमीपेक्षा जास्त पडली, काळजीत तसंच होतं.

"निरोप धाडू या," नुका म्हणाली. "एक दिवसापुरती पिंपं आणू. मॅडम गेल्या की परत."

सगळे आपापल्या पेल्यात बघायला लागले. नुकाही मग आपल्याच पायांकडे बघायला लागली.

"मागायची?" चुको म्हणाली. "दिलेली वस्तू?"

"माग की," काशेनं चहा फुरकत म्हटलं. "सांग, बेसाबाई, माझं पिंप दे, मला मॅडमला दाखवायचंय. मग बेसाचं तोंड कसं होतं ते बघायला मी पस्तीस किलोमीटर चालत येतो."

"तुला चेष्टा सुचतेय. माझी नात तिकडे पत्र्यात भाजतेय."

"ती माझीही नात आहे," काशे म्हणाला, आणि त्यानं चहाचा पेला खाली ठेवला.

मंगळवारी चुको कुणाला न सांगता रस्त्यावर गेली. बेसाच्या वस्तीकडे जाणारी गाढवगाडी येताना दिसली तशी तिनं हात केला. गाडी थांबली. गाडीवान तंबाखू मळत वाट बघत राहिला. चुकोनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं आणि म्हणाली, "बेसाला विचार, तिची खोकल्याची मुळी संपली का? माझ्याकडे आहे." आणि कमरेची पुरचुंडी सोडून मुळी त्याच्या हातात कोंबली. परत येताना सगळा रस्ता ती स्वतःला शिव्या देत होती. पिंप आणायला गेली आणि मुळीसुद्धा देऊन आली!

गुरुवारी सेल्मा आली.

सेल्मा उत्तरेकडची, पस्तिशीची, उंचीपुरी, इस्त्रीचे कपडे आणि बुटांत वाळू. मळेवाल्यांची भाषा तिलाही यायची आणि जन्मभर मळ्याच्या स्वयंपाकघरात राबलेल्या चुकोलाही, त्यामुळे दोघींचं बोलणं थेट व्हायचं. पोरगी भली होती. मक्याच्या पिठाची पोती स्वतः खांद्यावर घ्यायची. मागच्या थंडीत चुकोनं तिला एक माळ दिली होती, स्वतः घासून गोल केलेल्या पांढऱ्या मण्यांची, दोन महिन्यांच्या मेहनतीची. पण तेव्हापासून काय झालं होतं कुणास ठाऊक, सेल्मा आली की चुकोपासून लांब लांब राहायची. आजही सगळ्यांशी बोलली, चुकोकडे बघितलं नाही. गळा मोकळा होता.

तिनं कागद काढला आणि घरोघर हिंडली. पहिल्या घरात पिंप नाही. दुसऱ्यात नाही. नुकाच्या दारात एक आहे, पलीकडच्या घरानं तिला दिलेलं, म्हणून वाकून बघितलं, तर आतून कोंबडी फडफडत तिच्या तोंडावर आली. मागे पोरंटोरं खो-खो हसली. सेल्मा हसली नाही.

"चौदातली बारा कुठे आहेत?"

सगळे चुकोकडे बघायला लागले. नेहमीचंच. अडचण आली की चुको.

"दिली," चुको म्हणाली.

"दिली म्हणजे? विकली?"

आता हा शब्द असा होता की काशेनं चिलीम खाली ठेवली. चुकोच्या कानांपर्यंत आग गेली. "विकायला आम्ही काय मळेवाले आहोत? माझं मी बेसाला दिलं. बेसानं तिच्या जावयाला. नुकाचं तिच्या नणंदेला गेलं, नणंदेनं त्या पलीकडच्या टेकाडावरच्या म्हाताऱ्याला दिलं, त्याला एक पाय नाही. सगळ्यांचं सांगू? दिवस पुरणार नाही तुला."

सेल्मानं कपाळावर हात मारून घेतला. "अहो आजी, मी भांडून आणली होती ती पिंपं! तुमच्यासाठी! दिलेली वस्तू माणसानं जपून ठेवायची असते. देणाऱ्याला काय वाटेल याचा विचार करायला नको?"

चुकोला बोलायचं नव्हतं. खरंच नव्हतं. पण नळ गेला, उंका गेली, नात गेली, असं सगळं एकदम उसळून आलं आणि त्याबरोबर भलतंच बाहेर पडलं.

"मग माझी माळ कुठाय, पोरी?"

सेल्माच्या हातातलं पेन वाळूत पडलं. ती ते उचलायला वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली. वर आली तेव्हा डोळे भरलेले.

"आजी, मला माफ करा. सुट्टीत घरी गेले होते. आईनं ती माळ हातात घेतली, मण्यांवरून बोट फिरवत बसली, बसली, बसली... मागितली नाही तिनं. पण मला राहवेना. मी तिच्या गळ्यात घातली." तिनं नाक ओढलं. "मला इतकी लाज वाटली! तुम्ही एवढ्या मेहनतीनं केलेली. तीन खेपा झाल्या, मी तुमच्यापासून तोंड लपवतेय."

मग चुकोनं अशी आरोळी ठोकली की टँकरमधला फेस्टस दचकून उठला.

"दिली! अरे, हिनं दिली!"

"दिली!" नुकानं तेलाचा रिकामा डबा बडवायला घेतला. काशे गुडघेदुखी विसरून एका पायावर गोल फिरला. बायका टाळ्या पिटत सेल्माभोवती गोळा झाल्या आणि ती बिचारी मधोमध, हातात कागद, तोंडाचा आ वासलेला.

"तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावते कशाला? गळ्यात घालून बसली असतीस तर रागावले असते! मला वाटलं, ही पोरगी धरून बसणारी निघाली, म्हणून माळ कुठेतरी पेटीत कोंबलीय." चुकोनं तिचे दोन्ही दंड धरले. "आणि आईनं? आईनं पुढे कुणाला दिली?"

सेल्मा पुन्हा लाजली. "मावशीला. मी आईला खूप बोलले त्यावरून."

"बोललीस? आईला?" काशे म्हणाला. "अगं, तुझी आई आमच्यातलीच आहे. तू बाजूला हो, पिंपं मोजायला तिला धाड!"

हसून हसून सगळ्यांच्या पोटात दुखायला लागलं. सेल्माही हसली, डोळे पुसत, जोरात, अगदी बाईसाहेबपणा सोडून. मग ती गाडीकडे धावली आणि सीटच्या मागून एक टोपली काढून आणली, ताडाच्या पातीची, तपकिरी नक्षीची. "आईनं धाडलीय. ज्या बाईनं माळ केली तिला दे म्हणाली. तीन महिने गाडीतच पडून आहे. तुम्ही माळ कुठाय विचाराल या भीतीनं आणून द्यायचा धीर झाला नाही."

चुकोनं टोपली हातात घेतली, फिरवून बघितली, वीण बोटानं चाचपली. असली बारीक वीण तिनं जन्मात पाहिली नव्हती. "एवढीशीच? यात काय ठेवणार मी, माझी तंबाखूसुद्धा मावायची नाही," असं म्हणत तिनं ती छातीशी धरली आणि तिला रडू फुटलं. चांगल्या देण्याला नावं ठेवायची ही इथली रीत, पण रडायचं नसतं. नुका तिला चिमटे काढत राहिली.

सेल्मा नुकाच्या पिंपावर बसली. कोंबडी तक्रार करत बाजूला झाली. "ते सगळं खरं, आजी. पण माझ्या कागदावर एकच प्रश्न आहे: पिंपं डोळ्यांनी पाहिली का? मी खोटं नाही लिहू शकत."

"खोटं कशाला? डोळे आहेत, गाडी आहे. चल की!"

आणि खरंच, चुको पुढच्या सीटवर चढून बसली. काशे मागे, गाडीच्या हौद्यात. आपल्याला कुणी बोलावलेलं नाही हे त्याला माहीत होतं, म्हणूनच तो आधी चढला.

बेसाच्या वस्तीत एक निळं पिंप बाभळीच्या सावलीत होतं, पण ते चुकोचं नव्हतं, नुकाच्या शेजारणीचं होतं. दोन हात फिरून आलेलं. बेसानं चुकोला बघितलं आणि म्हणाली, "मुळी कडू होती तुझी. आणखी आणलीस का?" टेकाडावरचा एका पायाचा म्हातारा पिंपाची दांडी गाढवाला बांधून पाणी आणत होता. त्यानं ते करून दाखवलं, दोनदा, मग सेल्माला करायला लावलं. तिसऱ्या वस्तीत एका पिंपाच्या दांडीला मणी गुंफलेले. चौथीत शाळेच्या पोरांसाठी पिण्याचं पाणी त्यातच भरलेलं. जिथे जावं तिथे पिंप भरलेलं, झाकण घट्ट, आणि जिथे जावं तिथे सेल्माच्या हातात कुणी काहीतरी ठेवायचं. ऊन उतरायला लागलं तोवर पाच वस्त्या झाल्या, अकरा पिंपं झाली आणि हौद्यात काशेच्या मांडीवर दोन दुधी भोपळ्याची भांडी, एक पिशवी सुकी बोरं आणि एक जिवंत कोंबडा झाला.

"बारावं?" सेल्मानं विचारलं.

"बारावं माझं," चुको म्हणाली. "बेसाच्या जावयानं कुणा मेंढपाळाला दिलं. तो गोबाबिसकडे गेला. पुढचं मला ठाऊक नाही." तिला जरा वाईट वाटलं. तिचं पिंप तिनं हजारांत ओळखलं असतं. काशेनं एकदा ते विस्तवाजवळ ठेवलं होतं आणि एका बाजूला तळहाताएवढा डाग वितळून आला होता. त्यावरून तिनं त्याला आठवडाभर धारेवर धरलं होतं.

सेल्मानं गाडीच्या टपावर कागद ठेवून लिहिलं. मग चुकोला वाचून दाखवलं: बारातली अकरा पिंपं पाच वस्त्यांत, रोजच्या वापरात, उत्तम स्थितीत. टाकी विटपानला द्यावी. विटपान या पाचही वस्त्यांच्या मधोमध आहे, आणि तिथलं पाणी एकट्या विटपानमध्ये राहणार नाही याची खात्री आहे.

विटपानला परतल्यावर फेस्टसनं सगळं ऐकलं आणि मान हलवली. "मॅडम, ही माणसं टाकीपण देऊन टाकतील."

"पाच हजार लिटरची आहे," सेल्मा म्हणाली. "उचलून दाखवू देत."

टाकी यायला तीन महिने लागले. मंजुरी आली, मग बोअर मारणारे आले, दोनदा कोरडं लागलं. तिसऱ्यांदा एकशे दहा मीटरवर गार पाणी उसळलं आणि काशे कपड्यांसकट त्याखाली जाऊन उभा राहिला. चुकोनं फेस्टसच्या फोनवर उंकाला फक्त आवाज ऐकवला, पाण्याचा. पलीकडे उंकानं पोरींना हाक मारून फोन त्यांच्या कानाला लावला.

नळ सुरू व्हायच्या दिवशी पाचही वस्त्यांची माणसं आली. गाढवगाड्यांतून, पायी, आणि पुढे निळी पिंपं घरंगळत. विटपानची पिंपं विटपानला पाणी न्यायला आली! सेल्मा आली ती आईला घेऊनच. आई आणि चुको, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. त्या टोपलीवर आणि मण्यांवर बोटं ठेवून तासभर भांडल्यासारख्या बोलत होत्या.

दुपारी रस्त्यावर गुरांचा ट्रक थांबला. त्यातून एक बाई उतरली, मग दोन पोरी, आणि मग ड्रायव्हरनं खाली काहीतरी निळं उतरवलं. चुको हातातलं सोडून पळाली. उंका वाळूतून पिंप ओढत येत होती, पिंपात कपडे, भांडी, अख्खा संसार, आणि वर दांडीला धरून, "मी ओढणार, मी!" म्हणत एक तीन वर्षांची चुको.

चुकोनं लेकीला मिठी मारली, थोरलीचे मुके घेतले, धाकटीला उचललं तर ती पिंप सोडेना. मग चुकोची नजर पिंपावर गेली. एका बाजूला तळहाताएवढा वितळलेला डाग.

"शेजारणीनं दिलं," उंका म्हणाली. "तिला तिच्या दिरानं दिलेलं. मनात म्हटलं, एवढ्या लांब जातेय तर आईला देऊ."

"अगं, हे तर..." काशेनं तोंड उघडलं. चुकोनं त्याच्या पावलावर आपली टाच दिली.

"असलं जळकं भंगार?" ती म्हणाली. "गोबाबिसपासून हे ओढत आणलंस? लाज नाही वाटली?" आणि उंका हसत सुटली, कारण आई याहून गोड बोलत नाही हे ती जन्मापासून ओळखून होती.

नळाजवळ बेसा उभी होती, सोबत चार वर्षांची नात. बेसाच्या हातात आज पिंप नव्हतं. तिचं तिनं आदल्याच आठवड्यात कुणाला तरी दिलं होतं. ती नात वाहत्या नळाकडे बघत एक डबडं घेऊन उभी होती. चुकोनं ते बघितलं. मग उंकानं रिकाम्या केलेल्या पिंपाकडे बघितलं. मनातून तिला ते ठेवायचं होतं, उगीच कशाला खोटं बोला. मग ती धाकट्या चुकोपुढे गुडघ्यांवर बसली.

"हे कुणाचं?"

"माझं!" धाकटी पिंपाला चिकटली.

"तुझंच. म्हणून तर ते तूच द्यायचं. त्या पोरीला."

धाकटीनं आधी अविश्वासानं बघितलं, मग असा टाहो फोडला की पाच वस्त्या वळून बघायला लागल्या. कुणी तिला समजावलं नाही, कुणी ओढलं नाही. सगळे थांबले. प्रत्येकाचं पहिलं देणं असंच रडत झालेलं होतं. बऱ्याच वेळानं तिनं हुंदका आवरला, दोन्ही हात पिंपाला लावले आणि सगळा जीव लावून ढकललं. पिंप घरंगळत बेसाच्या नातीच्या पायाशी जाऊन थांबलं, डाग वर.

बेसानं डाग बघितला. तिनं वर चुकोकडे बघितलं, आणि दोघी म्हाताऱ्या पोट धरून हसायला लागल्या.

"आता मला काय मिळणार?" धाकटीनं विचारलं.

"कुणाला ठाऊक!" चुको डोळे पुसत म्हणाली. "वाट बघ. येईल."

धाकट्या चुकोनं नाक पुसलं, नळाच्या ओट्यावर चढली आणि रस्त्याकडे तोंड करून बसली. लगेच.